झाडांना थंडीत घालायचं पांढरं कव्हर (नॉन-वोव्हनवालं, म्हणजे न विणलेल्या कापडाचं): वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

५ पैकी साडेतीन स्टार देतोय, आणि कापलेल्या दीड स्टारपैकी अर्धा तरी माझ्याच अडाणीपणाचा आहे हे आधीच कबूल करून टाकतो.

माझ्याकडे फुलझाडं जवळपास नाहीतच, सगळी पानांची हौस. अॅग्लोनेमा, कलाथिया, क्रोटन, कोलियस, कॅलेडियम, दोन अलोकेशिया. थंडी म्हणाल तर बर्फबिर्फ काही नाही, रात्री ९-१० डिग्री फार तर, त्यामुळे बरीच वर्षं मी म्हणायचो की एवढ्याशा गारठ्याने काय होतंय. पण ही सगळी उष्ण जंगलातली झाडं, त्यांना बाधायला बर्फ पडावा लागतच नाही, अॅग्लोनेमाला १२-१३ डिग्रीच्या खाली दोनचार रात्री काढाव्या लागल्या तरी पानांवर तेलकट काळपट डाग येतात, आणि ते लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात, तोपर्यंत आपण बुरशी समजून भलतंच औषध मारत बसतो. मी मारलंय.

तर कव्हर. साधारण ३० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३० ग्रॅम वजनाचं) कापड आहे, हाताला पातळ कागदासारखं लागतं, हवा जाते, पाणीही झिरपतं. एका बाजूला झिप, खाली आवळायची दोरी. पाकिटावरच्या फोटोत झाडाच्या डोक्यावर पिशवी घालून दोरी खोडाला बांधलेली दाखवलीय, अगदी लॉलीपॉपसारखी. मीही तसंच केलं. आणि हाच सगळ्यात मोठा घोळ. हे कापड स्वतः काही गरम करत नाही हो, स्वेटर आपल्याला ऊब देतो कारण आपलं अंग गरम असतं, झाडाचं अंग कुठे गरम असतं? ऊब येते ती दिवसभर तापलेल्या मातीतून आणि फरशीतून, रात्री ती वर निघते आणि कव्हरने ती अडवायची असते. खोडाला दोरी बांधली की माती बाहेर आणि झाड आत, मग अडवणार काय, कप्पाळ?

हे कळायला एक साधा थर्मामीटर कामी आला. खोडाला बांधलेल्या कव्हरच्या आत आणि बाहेर फरक अर्धा-एक डिग्री. मग सगळ्या कुंड्या खाली फरशीवर भिंतीला खेटून एकत्र दाटीवाटीने ठेवल्या, दोन कव्हरं उसवून एकाला एक जोडली, चार काठ्या रोवून तंबूसारखं वरून टाकलं, कडा पार जमिनीपर्यंत आणून विटा ठेवल्या, तर पहाटे आत अडीच-तीन डिग्री जास्त. तेच कापड बरं का! लटकत्या कुंड्यांना मात्र काही उपयोग नाही, खाली जमीनच नाही तर ऊब येणार कुठून, त्या सरळ घरात घ्या.

काठ्या लावायचं कारण असं की कापड पानाला टेकलं तर टेकलेल्या जागी पान गार पडतंच, त्यातून दवाने ओलं झालेलं असेल तर विचारूच नका. तरी हे प्लास्टिकपेक्षा शंभर पटीने बरं. आधी मी साधं प्लास्टिक टाकायचो, आत घाम धरायचा, पानं कुजायची आणि सकाळी काढायला विसरलो की उन्हात अक्षरशः उकडायची. हे एखाद दिवस राहिलं तर झाड मरत नाही, पण उजेड कमी होतो म्हणून मी रोज सकाळी काढतोच.

आणि रोज रात्री घालायचीही गरज नसते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशी रात्र सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पानातली ऊब थेट आकाशात निघून जाते आणि पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. ढगाळ रात्री मी आरामात झोपतो.

आता माझी फजिती. कॅलेडियमलाही हौसेने कव्हर घातलं होतं. पानं पिवळी पडून लोळायला लागली तर मला वाटलं थंडी बाधली, म्हणून अजून जपलं, पाणी चालूच. अहो, ते झोपायला चाललं होतं! कॅलेडियम थंडीत पानं टाकून कंदात जातं, तेव्हा पाणी बंद करून कंद कोरडा आणि घरात ठेवायचा असतो. माझा कंद कुजून चिखल झाला. त्याचा दोष कव्हरला देत नाही. बाकीच्यांनाही थंडीत पाणी कमीच, आणि घालायचं तर सकाळी, पण माती अगदी ठणठणीत कोरडीही नको, कारण किंचित ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

कापलेले स्टार कशाचे? झिप. दुसऱ्या आठवड्यात एकीचे दात निसटले, विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की झाडाची साइझ मोठी असेल, अरे कोलियस आहे तो, वड नाही. शिवाय एक कव्हर मी दिवसाही उन्हात पडू दिलं तर महिना-दीड महिन्यात कडक होऊन बोटाने फाटायला लागलं, हे पॉलिप्रॉपिलीनचं कापड असतं, त्याला उन्हापासून टिकायची ट्रीटमेंट नसेल तर असंच होणार, आणि पाकिटावर त्याबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या वेळी मी पिशवीवालं घेणारच नाही, हेच कापड रोलमध्ये मिळतं ते घेईन. यावेळी अॅग्लोनेमा एकही डाग न पडता निघाली, क्रोटनने सातआठ पानं गाळली, पण तो जागा हलवली तरी रुसतो. कलाथियाच्या कडा वाळल्यात, ती पानं अजून कापली नाहीयेत, थंडी पूर्ण गेली की बघू.