वाहतूक नियोजनाची पदव्युत्तर पदवी : यवतमाळच्या खेड्यातून पाहताना

परिवहन धोरण व नियोजनाच्या ज्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून मी शिकून बाहेर पडलो, त्याची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे प्रवासमागणीचे, म्हणजे लोक कुठे, कसे आणि किती प्रवास करतील याचा अंदाज बांधणारे, चार टप्प्यांचे प्रतिमान : प्रवासांची निर्मिती, त्यांचे वितरण, साधनाची निवड आणि मार्गांवरील वाटणी हे सारे प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या आकड्यांवर करून घेतले जाते, आणि शिक्षक कच्चे गृहीतक सहज सोडत नाहीत. धोरणाचा भाग मात्र शहराभोवतीच घुटमळतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणावर आठवडे खर्ची पडतात; २००० साली सुरू झालेल्या आणि सपाट प्रदेशातील ५०० लोकसंख्येच्या वस्त्यांपर्यंत बारमाही रस्ता नेऊ पाहणाऱ्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेची जेमतेम ओळख होते. रस्ता झाला म्हणजे एसटी आली असे नव्हे, हे पांढरकवड्याकडच्या फाट्यावर काळीपिवळीची वाट पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. सर्वेक्षणात मात्र न झालेला प्रवास, म्हणजे गाडीअभावी सुटलेले कॉलेज किंवा टळलेला दवाखाना, मोजलाच जात नाही. शुल्क जड आहे, वसतिगृह ठीक. सांख्यिकीची तयारी असलेल्या स्थापत्य, भूगोल वा अर्थशास्त्राच्या पदवीधरांनी अवश्य प्रवेश घ्यावा. प्रबंधासाठी आपलाच तालुका निवडण्याची परवानगी मात्र पहिल्या सत्रातच मागून ठेवावी.