बाग की बसस्टॉप? पैसा आधी कुठे टाकायचा

बागेवर खर्च केला की तो लगेच दिसतो. नवीन झाडं, बाकडी, वॉकिंग ट्रॅक, फीत कापायला जागा, फोटोपण मस्त. पण नंतर पाणी, माळी, दिवे हा दरवर्षीचा खर्च आणि बजेटमध्ये नेमकी त्याचीच बोंब, मग घसरगुंडीचा पत्रा फाटतो नि तशीच पडून राहते.

स्टेशन-बसस्टॉप म्हातारे, अपंग, सगळ्यांना वापरता येईल असं करायचं काम जास्त किचकट. रॅम्पचंच घ्या, साधारण १:१२ चा उतार धरतात, म्हणजे अर्धा फूट चढायला सहा फूट लांबी, आणि जागा नाही म्हणून कधीकधी इतका उभा बांधतात की व्हीलचेअर सोडा, भरलेली ट्रॉलीबॅग पण वर ओढताना दम लागतो. फरशीवरचे ते पिवळे उंचवटे आहेत ना, अंधांसाठीचे, ती जपानच्या सेइइची मियाकेंची १९६५ ची आयडिया, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवली, भारी गोष्ट आहे, पण ती पट्टी सरळ नेऊन खांबाला धडकवली तर काय फायदा! लिफ्टलाही मेंटेनन्स लागतोच, बंद लिफ्ट म्हणजे पुन्हा जिनाच.

तरी मी आधी स्टॉपलाच पैसे देईन, कारण बसमधून उतरताच येत नसेल तर आजीला समोरची बाग काय कामाची. जिथे हिरवळच नाही तिथे मात्र आधी बाग, फक्त गेटला तो फिरता लोखंडी दांडा लावू नका, व्हीलचेअर तिथेच अडते.