नवा अग्निपथ: कांचा भारी, पण नारळपाणीवाला कुठंय?

काल सराफ्यात, आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस हाणून घरी आलो आणि बाबांसोबत ऋतिकवाला अग्निपथ लावला, २०१२चा. बाबांनी १९९०चा इथंच इंदूरला थेटरात बघितलेला, मग काय, पूर्ण वेळ तुलनाच. संजय दत्तचा टकला व्हिलन कांचा जबरी, जुन्यातल्या सुटाबुटातल्या डॅनीपेक्षा एकदम वेगळा, अंगावरच येतो राव. ऋषी कपूरला रऊफ लाला करायचं ज्याला सुचलं त्याला सलाम, हे पात्र जुन्यात नव्हतंच. पण जुन्यातला मिथुनचा नारळपाणीवाला कृष्णन अय्यर सरळ उडवलाय, बाबा त्यावरच चिडून झोपायला गेले. ऋतिक मनापासून करतो, पण जुन्यातल्या अमिताभचा तो घोगरा आवाज... नॅशनल अवॉर्ड उगाच नाही मिळालं. चिकनी चमेली गाण्याला मात्र आई किचनमधून बाहेर आली. पाचपैकी साडेतीन.