16 जीबी रॅम, चार व्हीएम आणि प्रॉक्समॉक्सचे आठ महिने

सहा महिने झाले तेव्हाच लिहिणार होतो, बरं झालं लिहिलं नाही, नुसतं कौतुकच केलं असतं. सेकंडहँड मिनी पीसी, 16 जीबी रॅम, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारी लिनक्सवरची सिस्टिम. विंडोजला 6 जीबी (बायकोचं टॅली आणि जीएसटीचं काम), नेक्स्टक्लाउडला (घरच्या फायलींचा क्लाउड) 2, जेलीफिनला (घरचे सिनेमे) 2, पायहोलला (जाहिराती अडवायला) 1. बेरीज 11. म्हणलं पाच जीबी शिल्लक, ऐश आहे.

मग एका 20 तारखेला, म्हणजे जीएसटीचा 3बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सकाळी हाक आली, "अरे, तुझा तो डबा परत झोपला बघ." डबा चालू होता, बाकीच्या तिन्ही व्हीएम चालू होत्या, फक्त विंडोज बंद. हँग नाही, चक्क बंद. स्टार्ट केली, टॅलीचा डेटा रीराइट केला, रिटर्न गेला. पण दिवसभर घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

लॉगमध्ये रात्री दोनची ओळ होती, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, केव्हीएम (व्हीएम चालवणारी प्रोसेस). रॅम संपली की लिनक्स कर्नल सहसा सगळ्यात जाड प्रोसेस बघून मारतो, आणि माझ्याकडे सगळ्यात जाड कोण, तर विंडोज. दोन वाजताच माझा बॅकअप सुरू होतो. दोन दिवस मी बॅकअपलाच शिव्या घातल्या, रॅमच्या दुकानात फोनही केला, भाव ऐकून ठेवून दिला.

खरा खादाड निघाला झेडएफएसचा (माझ्या डिस्कवरची फाइल सिस्टिम) कॅश, आर्क. डिस्कवरून वाचलेलं तो रॅममध्ये साठवतो आणि जुन्या डिफॉल्टप्रमाणे निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतो, म्हणजे माझ्याकडे 8 जीबी. 11 आणि 8 किती झाले? मागितलं तर तो जागा सोडतो, पण दर वेळी वेळेत सोडेलच असं नाही. प्रॉक्समॉक्स 8.1 पासून नवीन इन्स्टॉल केलं तर 10 टक्क्यांचीच मर्यादा येते, माझं 7 वरून अपग्रेड केलेलं, त्यामुळे जुनंच सेटिंग चालू. मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलंय, वाचलं कोणी नव्हतं तर मी.

आर्कची मर्यादा बाइट्समध्ये लिहायची असते, 2 जीबी म्हणजे 2147483648. मी शेवटचा 8 खाल्ला. झाले 205 एमबीच्या आसपास, आणि मॅक्सिममचा आकडा मिनिममपेक्षा (एकूण रॅमच्या एक बत्तीसांश, माझे 512 एमबी) खाली गेला की झेडएफएस तो आकडा गुपचूप सोडून देतो. दहा दिवसांनी विंडोज परत मेली!! एका आठासाठी. आता आकडा कॉपी पेस्टच करतो, आणि रूट (सिस्टिमची मूळ डिस्क) झेडएफएसवर असेल तर इनिट-रॅम-एफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट करून रीबूट मारायला विसरू नका.

बलूनिंगबद्दल (होस्टने, म्हणजे मूळ मशीनने, गरजेला व्हीएमकडून रॅम परत घ्यायची सोय) माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं थापा आहेत, कारण विंडोजमध्ये त्यासाठी लागणारा व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर आणि सर्व्हिस टाकलीच नव्हती, मग होस्टला विंडोज कायम भरलेलीच दिसणार. टाकल्यावर मिनिमम 3 जीबी ठेवलं, होस्टची रॅम 80 टक्क्यांच्या वर गेली की विंडोजकडून थोडी काढून घेतं. पण फुगलेला बलून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वापरलेली रॅम म्हणून दिसतो, त्यामुळे "अरे 90 टक्के भरलंय, बंद पडणार आता" हे आठवड्यातून एकदा ऐकतोच.

खरं सुख दिलं केएसएमने, ज्याच्याकडे मी आठ महिने ढुंकून पाहिलं नव्हतं. वेगवेगळ्या व्हीएममधली सारखी पानं (रॅमचे छोटे तुकडे) शोधून एकच प्रत ठेवतो, तोही 80 टक्क्यांच्या पुढेच जागा होतो. माझ्या तीन व्हीएम डेबियन लिनक्सच्याच होत्या, एकाच टेम्प्लेटवरून काढलेल्या, समरीमध्ये केएसएम शेअरिंग सव्वा जीबी दिसलं. फुकटात सव्वा जीबी, आणि दुकानदाराचा तो भाव अजून कानात आहे. सीपीयू थोडा खातो, खाऊ दे. अनोळखी लोकांच्या व्हीएम एकाच मशीनवर असतील तर मात्र बंद ठेवा, शेअर केलेल्या पानांवरून डोकावता येतं.

जेलीफिन आता कंटेनरमध्ये (व्हीएमपेक्षा हलका, होस्टचाच कर्नल वापरणारा) हलवलंय, 2 जीबीऐवजी पाचशे-सहाशे एमबीत भागतं. त्यानंतर एकदाही काही मेलेलं नाही, तरी 19 तारखेच्या रात्रीचा बॅकअप मी हाताने बंदच ठेवतो.