घडीचा जाळीचा पिंजरा: दत्तक कुत्र्यासाठी घ्यावा का?

सांगलीत आमच्याकडे दत्तक आलेल्या साधारण वर्षाच्या गावठी कुत्रीसाठी आम्ही ३६ इंच लांबीचा, दोन दारांचा, घडी होणारा लोखंडी जाळीचा पिंजरा ऑनलाइन मागवला. त्यासाठी साडेचार हजारांच्या आसपास पैसे मोजावे लागले. तिला पिंजऱ्यात ठेवणार या कल्पनेनेच घरातली वडीलधारी मंडळी नाराज झाली होती, आणि दार लावून कोंडण्यासाठीच तो आणायचा असेल, तर त्यांची नाराजी रास्तच म्हणावी लागेल. मात्र दार उघडे ठेवून वापरला, तर नव्या घरात बिचकलेल्या जनावराला रुळवण्यासाठी याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

मापाचा हिशेब सोपा आहे. कुत्र्याला आत ताठ उभे राहता, फिरून वळता आणि पाय ताणून कुशीवर झोपता आले पाहिजे. आपल्याकडची पूर्ण वाढलेली गावठी कुत्री बहुधा १५ ते २० किलोंची असतात आणि त्यांना ३६ इंची पिंजरा पुरतो. पिल्लू असेल तर सोबत मिळणारी मधली जाळी लावून जागा कमी करावी. कुत्रे आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही आणि शू-शीची सवय लावताना सारी मदत याच स्वभावाची होते. जागा ऐसपैस असली की ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकून घेते.

आम्ही पिंजरा बैठकीच्या खोलीत, येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला ठेवला आणि त्याच्या तीन बाजूंवर जुनी सुती चादर टाकली. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, म्हणून बंदिस्त प्लास्टिकच्या पेटीपेक्षा जाळीच बरी. दुपारी चादर वर सारली की वारा खेळतो. जेवणाचे भांडे आधी दाराशी, मग उंबऱ्याच्या आत, मग पार मागच्या भिंतीशी, असे सरकवत नेले. ती आत असताना तिला कोणी हात लावायचा नाही, हा एकच नियम मुलांना घातला, आणि माझ्या मते अर्धे काम या नियमाने केले. सकाळची घंटागाडी, कुकरची शिट्टी, मिक्सर, देवघरातली घंटा हे आवाज रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला चार भिंतींच्या आत अंगावर आल्यासारखे वाटतात. सुरुवातीला ती प्रत्येक आवाजाला पलंगाखाली शिरत असे. पुढे आपण होऊन पिंजऱ्यात जाऊ लागली आणि आवाज थांबला की बाहेर येऊ लागली.

शू-शीचे वेळापत्रक मात्र पिंजरा लावून देत नाही, ते माणसांनाच पाळावे लागते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच, दर वेळी त्याच दाराने त्याच जागी बाहेर न्यायचे, आणि काम झाले की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. दत्तक घेणाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगितला जातो: पहिल्या टप्प्यात भीती ओसरते, दुसऱ्यात दिनक्रम कळतो, तिसऱ्यात घर आपले वाटू लागते. तो ठोकताळाच आहे. त्यावरून कुत्र्याला नापास ठरवू नये.

खाऊबद्दल सांगलीकरांना खास सांगायला हवे. आपल्या घरात बेदाण्याचा डबा कायम भरलेला असतो आणि मुले सहज दोन दाणे कुत्र्यापुढे टाकतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर धोका, याचा भरवशाचा आकडा नाही. भडंगही नको, कारण त्यात लसूण असतो आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींची हानी होते. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे उत्तम.

आता वस्तूतले दोष. तळाचा प्लास्टिकचा ट्रे पाय पडताच खडखडतो आणि भित्र्या कुत्र्याला तेवढे कारण पुरते. आम्ही ट्रेखाली सतरंजीची घडी आणि वर गोधडी घातली, तेव्हा आवाज बंद झाला. दाराची कडी ढिली आहे. जाळीवरचा काळा रंग चावल्यास सुटतो, त्यामुळे चावऱ्या पिल्लाला आत चघळायला काहीतरी द्यावेच लागते. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘सहज उचलता येतो’ असे लिहिले होते, पण घडी केलेला पिंजरा एकट्याने जिन्यावरून उतरवणे हे कष्टाचेच काम आहे.

तरीही सांगलीतल्या गावभागासारख्या पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरल्यावर अनेकांना जनावरांसह बाहेर पडावे लागले होते. पिंजऱ्यात शांत बसायची सवय असलेले कुत्रे टेम्पोत किंवा नातेवाइकांकडे नेणे पुष्कळ सोपे जाते. एकटे राहताच दारावर धडका देणारे, जाळी चावून दात-हिरड्या रक्ताळून घेणारे कुत्रे असेल, तर मात्र पिंजरा घेऊ नये आणि आधी पशुवैद्याला दाखवावे. दिवसभर घराला कुलूप लावून कामावर जाणाऱ्यांनीही तो घेऊ नये. त्यांनी हे पैसे दुपारी कुत्र्याला फिरवून आणणाऱ्या माणसावर खर्च करावेत.