लग्नचौक विकत घेताना : सांगलीच्या हस्तकला प्रदर्शनातलं वारली चित्र

विश्रामबागेतल्या प्रदर्शनात एका स्टॉलवर वारली लग्नचौक, म्हणजे लग्नासाठी काढायचं देवीचं चौकटीतलं चित्र, दोन प्रकारांत आहे: कापडावर हाताने काढलेला, दोन बाय दोन फुटांचा, आणि तेवढाच छापील. हाताचा घ्यावा. छापील चौकात पालघट देवीच नाही. तिच्या जागी नवरानवरी उभी केली आहेत आणि भोवती तारप्याचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा, नाच फिरवलाय. दिसायला छान, पण तो चौक नव्हे.

डहाणू-पालघरकडच्या वारली घरांत लग्नाआधी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहितात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते. चौक म्हणजे देवीची जागा. ती आत आल्याशिवाय लग्न लागत नाही. पालघट ही झाडाझुडपांची, पिकाची, पोराबाळांची देवी. म्हणून लग्नात तिचा मान पहिला. तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी असते. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव, येतो. हाताच्या चित्रात हे सगळं जागच्या जागी आहे, देवचौकही सोडलेला नाही. या एकाच गोष्टीसाठी चित्रकाराला पूर्ण गुण.

चौकटीचे काठ नीट पाहा. बारीक नक्षीच्या पट्ट्या एकात एक बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि घाईचं काम तिथेच उघडं पडतं: कोपऱ्यात नक्षी जुळत नाही, मग एखादी जाड रेघ ओढून झाकलेली असते. या चित्रात चारपैकी तीन कोपरे चोख आहेत, खालचा उजवा दाटलाय. हाताची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने ती तशीच येणार. छापील रेघ सगळीकडे एका जाडीची असते. शंका आली तर दोन त्रिकोणी माणसं शेजारी धरून बघा. हुबेहूब सारखी निघाली की छापील समजा.

पांढरा रंग पिठाचा नाही, बाजारातला आहे. त्यात फसवणूक नाही. भिंतीवरचा चौक लग्नापुरता असतो, कापडावरचा टिकायला हवा. पिठाचा रंग घडी पडली की पापुद्र्याने सुटतो आणि दमटपणात त्याला कीड लागते. मात्र विक्रेता 'पारंपरिक तांदळाचा रंग' असं सांगतो, ते चूक आहे. चित्रामागची लाल जमीन गेरूची आहे, ओलं बोट फिरवलं तर लाल उतरते. म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका.

घडी घालून देतात, ती घेऊ नका. रंगाची बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळून मागा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी घाला. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या भिंतींना ओल येते आणि गेरू काचेला चिकटतो.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तोवर वारली चित्र घरोघरी पोचलं होतं. स्टॉलवर त्यांचा फोटो आहे. चौक काढणाऱ्या हाताचं नाव मात्र चित्रामागे कुठेच नाही. ते लिहून मागा, गावासकट.