म्हाताऱ्या कुत्र्याला मसाज, फिजिओ की पाण्यातली ट्रेडमिल? पैसे कुठे घालायचे ते बघू

लॅब किंवा जर्मन शेफर्ड आठ-नऊ वर्षांचा झाला आणि सकाळी आधी पुढचे पाय रोवून मग मागचं धूड ओढत वर घ्यायला लागला की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते वय झालं आता, चालायचंच, आणि दुसरी मोबाईलवर डॉग मसाज, डॉग स्पा, पेट फिजिओ असलं काय काय शोधत बसते. पहिल्या पार्टीचं अजिबात ऐकू नका, कारण सांधे झिजले तरी दुखणं कमी करता येतं. दुसऱ्या पार्टीसाठी हे सगळं लिहितेय, कारण शोधलं की चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली समोर येतात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच, डोळे मिटून पडलेला गोल्डन आणि त्याच्या पाठीवर कोणाचा तरी हात.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको. बहुतेक घरांना विकतच्या मसाजची गरज नाही, तो घरी शिका आणि रोज करा, आणि वाचलेले पैसे आधी एक्स-रेला मग खरंच लागला तर फिजिओला घाला. आता हे का ते बघू.

एक्स-रे आधी का, तर मागचे पाय आखडणं हे लक्षण आहे, आजार वेगवेगळे असू शकतात. लॅब, गोल्डन, शेफर्डमध्ये बऱ्याचदा पिल्लू वाढत असतानाच खुब्याचा सांधा सैल बसतो, हिप डिस्प्लेझिया म्हणतात तो, आणि वय वाढलं की तिथे संधिवात धरतो. पण डॅशहाउंड अचानक पाठ कमानीसारखी करून कण्हत असेल तर तो बहुतेकदा मणक्यातल्या डिस्कचा प्रॉब्लेम असतो, तिथे पाठ चोळणं म्हणजे संकट ओढवून घेणं, त्याला उचलून सरळ डॉक्टरकडे न्यायचं, आणि मागचे पाय लटपटत किंवा फरफटत असतील तर सकाळची वाट न बघता. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे गोचीड ताप. टिक फीव्हरमध्ये सुद्धा कुत्रा लंगडतो, सांधे सुजतात, उठायला कंटाळतो, आणि लोकांना वाटतं पाय मुरगळला असेल, जरा तेल लावून चोळू. गोचिडीतून येणाऱ्या अर्लिकिया जंतूच्या या तापात प्लेटलेट पडतात त्यामुळे जोरात दाबलं तर कातडीखाली रक्त साकळू शकतं. म्हणून लंगडणं नवीन असेल, जेवण कमी झालं असेल, हिरड्या फिक्या दिसत असतील तर आधी थर्मामीटर. कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे नुसतं कान गरम लागले म्हणून ताप नाही आणि नाक थंड आहे म्हणून ताप नाही असंही नाही.

बरं, निदान झालं, खुब्याचा संधिवात आहे असं धरू. आता पर्याय.

घरचा मसाज. याच्याबद्दल जास्त लिहिणार कारण याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो आणि हाच सगळ्यात जास्त चुकीचा होतो. लोकांच्या डोक्यात मालिश म्हटलं की बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई येते, तेल थापायचं आणि रगडायचं. कुत्र्याला तेल नको. केसाला चिकटतं, त्यावर धूळ बसते, आणि तो ते सगळं चाटणार. साधं तिळाचं किंवा खोबरेल पोटात गेलं तर फार तर जुलाब होतील पण कापूर घातलेलं तेल, गुडघेदुखीचं बाम, विंटरग्रीन, टी ट्री ऑइल हे त्याला विषारी आहे, घरात आजोबांच्या गुडघ्याला चालतं म्हणून ब्रूनोच्या खुब्याला चालत नाही.

कोरड्या हाताने करायचं. फिरून, शू करून आला की अर्ध्या तासाने, त्याच्याच जागेवर, कुशीवर झोपलेला असताना. सुरुवात मागच्या पायापासून करू नका, ही चूक सगळे करतात कारण दुखतं तिथे हात जातो. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं आणि मागचं दुखायला लागलं की तो अजून पुढे सरकवतो, त्यामुळे मान, खांदे आणि छातीचे स्नायू दगडासारखे झालेले असतात. म्हणजे दुखतं मागे आणि थकलंय पुढचं. मानेपासून खांद्यापर्यंत केसांच्या दिशेने पूर्ण तळव्याने लांब लांब हात फिरवा, वजन फक्त हाताचं, दाब नाही. चार-पाच वेळा झालं की खांद्याचा स्नायू अंगठा आणि बोटांमध्ये हलका धरून कणीक तिंबतो तसं पण त्याच्या पावपट जोराने. मग पाठ, तिथे मणक्याच्या हाडावर काहीही करायचं नाही, हाडाच्या दोन्ही बाजूला जे मांस आहे तिथूनच बोटं न्यायची. शेवटी मांडी. दोन्ही मांड्या हाताने मोजल्यासारख्या धरून बघा, दुखऱ्या बाजूची बारीक लागेल, आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजून महिन्यातून एकदा लिहून ठेवला तर व्हेटला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो एक आकडा जास्त सांगतो.

त्याला आवडतंय का हे कसं कळणार, तर एक मोठा उसासा, डोळे जड, मागचा पाय सैल सोडला, हे आवडल्याचं. ओठ चाटणं, जांभई, मान वळवून तुमच्या हाताकडे बघणं, कातडी थरथरणं हे नको सांगणं, आणि गुरगुरेपर्यंत वाट बघायची नसते. सुरुवातीला पाच मिनिटं, रोज झालं की दहा. थंडीत आधी कोमट पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं खुब्यावर ठेवली तर स्नायू लवकर सुटतात, पण ताजी सूज असेल तर शेक नाही, तिथे बर्फ, तोही कापडात. आणि जखम, गाठ, ताप, नुकतंच ऑपरेशन असेल तर मसाजला सुट्टी.

याचा खरा फायदा मसाजच्या पलीकडचा आहे. रोज दहा मिनिटं अंगावरून हात फिरला की नवीन गाठ, कानामागची गोचीड, बोटांच्या फटीतली जखम पहिल्या दोन-तीन दिवसांत सापडते. पैसे शून्य. मर्यादा पण सांगते, मसाजने सांधा भरून येत नाही, आणि कुत्र्यांमध्ये मसाजवर झालेला अभ्यास अजून बराच तोकडा आहे. स्नायू सैल होतो, कुत्रा शांत होतो, त्या दिवशी जरा बरा चालतो, इतकंच धरून चाला.

आता स्पा किंवा ग्रूमिंगवाल्यांचा मसाज. आंघोळ, नखं, कानसफाई आणि सोबत पंधरा मिनिटं मसाज असं पॅकेज असतं. तरुण धडधाकट कुत्र्याला काही वाईट नाही, खुशाल करा, त्याला आवडतं आणि नखं नीट कापून मिळतात हे मला तर मसाजपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पण संधिवातवाल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी हा पर्याय मी बादच करते. एक तर अनोळखी जागा, ड्रायरचा आवाज, टेबलवर उभं करून ठेवणार, तो आखडूनच उभा राहणार. दुसरं म्हणजे आपल्याकडे व्हेटला १९८४ च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, मसाज करणाऱ्याला तसलं काही लागत नाही, वीकेंडचा कोर्स केलेला पण थेरपिस्ट आणि कोर्स न केलेला पण. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं वाटेल कारण तिकडे कुत्र्याला फिजिओ द्यायचा तर व्हेटची मान्यता लागते.

फिजिओ आणि हायड्रो, म्हणजे पाण्यातला व्यायाम. इथे मात्र खरे पैसे खर्च करण्यासारखं आहे, पण प्रत्येक कुत्र्यासाठी नाही. चांगला फिजिओ पहिल्या वेळी हात कमी लावतो आणि बघतो जास्त, चालवून, बसवून, वळवून. मग व्यायाम देतो, बस-ऊठ, आडवे ठेवलेले दांडे हळूहळू ओलांडणं, उतारावर चालणं. यातलं बरंचसं शिकून घरी करता येतं, झाडूचे दांडे पुस्तकांवर टेकवून सुद्धा, त्यामुळे दोन-तीन सेशनमध्ये शिकून घ्या आणि दर महिन्याला दाखवायला जा.

पाण्यातली ट्रेडमिल म्हणजे काचेची पेटी, खाली पट्टा, त्यात कोमट पाणी भरतात. गंमत पाण्याच्या उंचीत आहे. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराचं जवळपास ९१ टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत आलं तर ८५, आणि खुब्यापर्यंत भरलं की फक्त ३८ टक्के. म्हणजे तीस किलोचा लॅब अकरा-बारा किलोचा होऊन चालतो, सांध्यावर भार कमी आणि स्नायू मात्र काम करतो. गुडघ्याचं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला, किंवा मांडी एकदम वाळून गेलेल्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. टाके सुकल्यावर, सर्जन हो म्हणाल्यावर.

मग लोक विचारतात पोहायला नेलं तर, धरणावर फुकट आहे. ट्रेडमिलवर कुत्रा प्रत्येक पाऊल पूर्ण टाकतो आणि वेग ऑपरेटरच्या हातात असतो, पोहताना बरेच कुत्रे सगळी मेहनत पुढच्या पायांनी करतात आणि मागचे नुसते तरंगतात, म्हणजे आधीच थकलेल्या खांद्यांवर अजून काम. शिवाय तळ्याच्या काठाचा चिखल, घसरणं, पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती. आवडत असेल तर लाइफ जॅकेट घालून स्वच्छ पूलमध्ये मजा म्हणून पोहू दे, उपचार म्हणून नको. आणि पाण्याला जीव घाबरणारा कुत्रा असेल, बरेच इंडी म्हणजे आपले देशी कुत्रे असतात, तर ट्रेडमिलचा हट्ट पण सोडा, घाबरून आखडलेल्या कुत्र्याला त्यात काही मिळत नाही.

दुखऱ्या सांध्यावर मारतात त्या लेझरबद्दल पटकन. बऱ्याच क्लिनिकमध्ये आहे, दुखत नाही, काही कुत्र्यांना आराम पडतो, मारताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा लागतो, कॅन्सरची गाठ असेल तिथे मारत नाहीत. मी याला फिजिओच्या सोबतीला ठेवेन, एकट्याला नाही.

आता औषधं, कारण मसाज की गोळी असं विचारणारे खूप आहेत. हे एकमेकांच्या बदली नाहीत. खूप दुखत असेल तर आधी गोळी, दुखणं उतरलं की मगच तो व्यायाम करेल. पण ती व्हेटने वजनावरून दिलेली, मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन असली, आणि मध्ये मध्ये लिव्हर-किडनीची टेस्ट. घरातल्या डब्यातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नाही म्हणजे नाही, पोटात अल्सर होतो, किडन्या जातात. डायक्लोफेनॅकवर तर २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, पण घरातल्या कुत्र्याला पण ती काही कमी नडत नाही.

आणि आता जे कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगत पण नाही. वजन आणि फरशी. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि कमी खाणाऱ्यांना संधिवातही उशिरा आला. मसाजचं कुठलंच पॅकेज हे देऊ शकत नाही. आपल्याकडे कुत्रा जाड कशाने होतो तर डब्यातल्या खाण्याने कमी आणि चहासोबतच्या ग्लुकोज बिस्किटांनी, पोळीच्या तुकड्यांनी जास्त, घरातला प्रत्येक जण एकेक देतो आणि प्रत्येकाला वाटतं मी तर एकच दिलं. बरगड्यांवर हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, शोधाव्या लागत असतील तर जाड आहे.

फरशीचं तर विचारू नका. फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर संधिवातवाला कुत्रा दिवसभर पाय फाकू नयेत म्हणून स्नायू आवळून चालतो, आणि मग संध्याकाळी आपण तेच स्नायू सोडवायला मसाज करतो. झोपायची जागा ते पाण्याचं भांडं ते दार एवढ्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुन्या योगा मॅट कापून टाका, सतरंजी टाकू नका ती त्याच्यासोबत सरकते. पंजाच्या गादीमधले केस कापा, नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती पण. माझ्या बहिणीच्या लॅबला मॅट टाकल्या त्याच आठवड्यात तो हॉलमधून किचनमध्ये परत यायला लागला, आधी तो दारातच बसून राहायचा आणि सगळ्यांना वाटायचं आता म्हातारपणी शहाणा झाला.

तर कोणी काय घ्यावं. सात वर्षांच्या आतला, नीट चालणारा, फक्त लाड करायचेत, तर घरचा हात पुरे, स्पा हौस असेल तर. थोडा आखडणारा, जाड, टाइल्सवर राहणारा, त्याला आधी मॅट आणि बिस्किटबंदी, सोबत घरचा मसाज, सहा-आठ आठवड्यांनी फरक बघून मग फिजिओचा विचार. ऑपरेशन झालेला किंवा मांडी वाळलेला, त्याला थेट फिजिओ आणि पाण्याची ट्रेडमिल, इथे काटकसर करू नका, ट्रेडमिल शहरात नसेल तर जमिनीवरचे व्यायाम नेमाने केले तरी खूप होतं. खूप म्हातारा, उठवतच नाही असा, त्याला गाडीत घालून तासभर ट्रॅफिकमधून नेण्यात अर्थ नाही, घरी येणारा व्हेट आणि फिजिओ बघा, आणि पोटाखालून टॉवेलची झोळी करून मागचं उचलायला शिका.

फिजिओ ठरवताना फोनवर एकच गोष्ट बघा. तुम्ही रेट विचारायच्या आधी त्याने एक्स-रे आणि चालू औषधांची यादी मागितली तर अपॉइंटमेंट घ्या, आणि काहीही न विचारता दहा सेशनचं पॅकेज सांगितलं तर पुढचा नंबर लावा.